पाहुणा जागाच होता

'आईने मुलाला शिकवण्यासाठी शिकस्त केली' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा, असा प्रश्न आम्ही एकदा दहावीच्या सराव परीक्षेत घातला होता. वर्गातल्या अर्ध्याहून अधिक मुलांनी लिहिलं, 'आई हरली.'

चूक त्यांची नव्हती. घरी शिकस्त म्हणजे हारच. तोच शब्द मराठीचा उंबरा ओलांडून आला की पराकाष्ठा होतो. घरातली हरकत म्हणजे हालचाल, मराठीतली हरकत म्हणजे आक्षेप. घरी राजीनामा म्हणजे दोघांच्या राजीखुशीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. उर्दूत मुदाम म्हणजे सदैव, मराठीत मुद्दाम म्हणजे जाणूनबुजून. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना अनोळखी शब्दांचा त्रास फारसा होत नाही, ते पाठ होतात. दगा देतात ते ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द.

अशा शब्दांची एक यादी आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी वीस-बावीस वर्षं जमवली होती. सारं गाव त्यांना बडी आपा म्हणतं. (आम्ही नुसतीच आपा. आणि हे 'आम्ही' म्हणजे काही मोठेपणा नव्हे. घरी नि शाळेत 'हम' म्हणायची जन्माची सवय, ती मराठीत अशी उतरते.) यादीत चौदाशेच्या आसपास शब्द. ती इनपेजमध्ये टाईप केलेली. उर्दू शाळेत नोकरी केलेल्याला इनपेज सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. नस्तालीक लिपीतली अक्षरं एका सरळ रेषेत बसत नाहीत, उजवीकडून डावीकडे उतरत येतात, त्यामुळे छपाईच्या यंत्रांना ती कधी सोसलीच नाहीत. कातिब हातानं लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक आलं आणि लाहोरचं 'जंग' त्यात निघू लागलं. पुढं १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीनं इनपेज काढलं आणि आमच्यासारख्या शाळांच्या प्रश्नपत्रिका, हजेरीपत्रकं, लग्नाच्या पत्रिका सगळ्या त्यात शिरल्या. आपांचं इनपेज चालायचं विंडोजवर. जुन्या इनपेजच्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये नीट उघडत नाहीत. आणि आपांच्या त्या आवृत्तीत देवनागरी लिहिता येत नव्हती. म्हणून त्यांनी यादीत चार रकाने केले. उर्दू शब्द, उर्दूतला अर्थ, मराठीतला अर्थ उर्दू लिपीत, आणि चौथा रकाना कोरा. तो देवनागरीसाठी. 'बाद में कलम से भरूंगी,' म्हणत राहिल्या, तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं डॉक्टर पुढं ढकलत होते.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत तो चौथा रकाना भरायचं आम्ही कबूल केलं. शाळेचा जुना संगणक तोवर मेला होता. आमच्याकडं होता एक लॅपटॉप, आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलेला. तो पुण्यात सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत आहे. कंपनीनं नवा दिला तेव्हा आपला दहा वर्षांचा जुना लॅपटॉप आम्हांला आणून दिला. त्यावर डेबियन लिनक्स होतं आणि त्याखाली झेन.

झेन हे इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात तयार झालेलं, २००३ मध्ये बाहेर आलेलं सॉफ्टवेअर. अॅमेझॉननं २००६ मध्ये भाड्यानं संगणक द्यायचा धंदा सुरू केला तो याच्यावरच. एका यंत्रात अनेक यंत्रं नांदवणं हे त्याचं काम. पोरगा सर्व्हरचं शिकत होता, म्हणून त्यानं घरच्या लॅपटॉपवर झेन घातलं होतं. देताना त्यात आमच्यासाठी विंडोज आणि इनपेज बसवून दिलं. लिनक्सच्या पडद्यावर एक खिडकी उघडायची, त्या खिडकीत सबंध विंडोज. आम्हांला हे इतकं सोयीचं पडलं की काय सांगू. डावीकडं खिडकीत बडी आपांची नस्तालीक यादी, उजवीकडं मराठी युनिकोड. एका भाषेतून बघायचं, दुसरीत लिहायचं. एकदा विंडोज एकदा लिनक्स असं बंद-चालू करत बसलो असतो तर दोन्ही कधी एकत्र दिसलेच नसते.

पहिल्या दिवशी ऐंशी शब्द झाले. दुसऱ्या रात्री पडदा काळा झाला. क्षणभरानं लॉगिनची चौकट आली, तीही पट्ट्यापट्ट्यांची, माऊस हलेना. आम्ही तेच केलं जे सगळा हिंदुस्थान करतो. पॉवरचं बटण दाबून धरलं. परत चालू केल्यावर खिडकीतलं विंडोज कुरकुरलं की मला नीट बंद केलं नाही. चाळीसेक शब्द गेले.

हे रोज होऊ लागलं. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी. घरात एकेकाचं निदान सुरू झालं. नवरा म्हणाला, गरम होतोय, खाली वह्या ठेव. वह्या ठेवल्या. गल्लीच्या तोंडाशी संगणक दुरुस्तीवाला आहे, तो म्हणाला, लिनक्स काढून टाका मॅडम, पाचशेत विंडोज मारून देतो. अम्मीनं शेजारणीकडं बघत विषय नजरेवर नेला. बडी आपा रोज संध्याकाळी फोन करायच्या, 'आज कहां तक पहुंचे?' आणि आम्ही कालच्याहून मागचा आकडा सांगायचो. त्या काही बोलायच्या नाहीत. निवृत्त मुख्याध्यापिकेचं न बोलणं ज्यानं ऐकलंय त्यालाच ते कळेल.

बी.एड.ला असताना आम्हांला कृतिसंशोधन नावाचा एक प्रकार होता. समस्या निवडा, कारणांची यादी करा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, नोंद ठेवा. आम्ही तो मागच्या वर्षीच्या मुलीची वही उतरवून पार पाडला होता, हे इथं कबूल करायला आता हरकत नाही (मराठीतली हरकत). तेव्हा न केलेलं काम बारा वर्षांनी अंगावर आलं.

लॅपटॉप चालू होताना दोन ओळींचा मेनू यायचा. वरची ओळ नुसतं डेबियन, खालची झेनसकट डेबियन. आम्ही दोन संध्याकाळी वरची ओळ निवडून नुसतं मराठी टाईप करत बसलो, सिनेमा लावला, मुलाला गेम खेळू दिला. काही झालं नाही. खालची ओळ निवडली, अर्ध्या तासात पडदा काळा. म्हणजे उष्णता नाही, नजर नाही, यंत्र मोडकं नाही. दोष झेनच्या सोबतीत.

मग वाटलं, मेमरी कमी पडत असेल. आठ जीबीतले चार विंडोजला दिलेले होते. पोराला विचारून लिनक्सच्या वाट्याची मेमरी दोन जीबीवर पक्की बांधून दिली, म्हणजे झेननं ती मागं-पुढं करू नये. लॅपटॉप जरा चपळ झाला, पण पडदा जायचा तो गेलाच. मग सुरू होताना 'नोमोडसेट' हा शब्द जोडून पाहिला. याचा अर्थ लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरनं चित्राचा कारभार हातात घेऊ नये. पडदा भरड झाला, अक्षरं फुगली, उजेड कमी-जास्त करायची बटणं बंद पडली, खिडकी सरकवली की तिची सावली मागून रांगत यायची. पण तीन तास चाललं, पडलं नाही. वहीत लिहिलं : दोष ग्राफिक्सचा, आणि तोही झेन असतानाच. मात्र त्या फुगलेल्या पडद्यावर दोन भाषा शेजारी मावेनात, नस्तालीकचे नुक्ते एकमेकांत मिसळत. ज्या भाषेत एका नुक्त्यानं खुदाचा जुदा होतो तिथं हे चालणार नव्हतं.

एव्हाना आम्ही नोंदी वाचायला शिकलो होतो. लिनक्सचा पडदा ज्यावर उभा असतो तो एक्स सर्व्हर आपली रोजनिशी लिहितो, 'एक्सऑर्ग.झिरो.लॉग' या नावानं. चूक झाली की ओळीच्या आधी कंसात दोन ई. आम्ही दर वेळी लॅपटॉप परत चालू करून ही रोजनिशी उघडायचो आणि ती स्वच्छ असायची. दोन दिवस आम्ही एका निर्दोष वहीत दोष शोधत होतो.

शेवटी पुण्याला फोन केला. पोरानं पहिला प्रश्न विचारला, 'आपा, पडदा गया तो आप क्या करते?'

'बटन दबाते.'

तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, 'बटन मत दबाव आपा. सबूत सब उसीच में जाता.'

त्यानं समजावलं ते असं. एक्स सर्व्हर नव्यानं सुरू झाला की जुनी रोजनिशी '.ओल्ड' नावानं बाजूला ठेवतो आणि नवी उघडतो. दोनच वह्या, तिसरी नाही. पडदा पडला की लॉगिनची चौकट दाखवायला तो एकदा नव्यानं सुरू होतो, तेव्हा खरी वही '.ओल्ड' होते. आम्ही बटण दाबून लॅपटॉप परत चालू केला की तो पुन्हा नव्यानं सुरू होतो आणि ती खरी वहीही पुसली जाते. झेनची स्वतःची नोंद तर मेमरीतच असते, बटणासरशी संपते. 'अब गिरा तो कंट्रोल, ऑल्ट और एफ टू दबाव. काला परदा, सफेद अक्षर आएंगे. वहीं से मेरे को फोन लगाव.'

त्या रात्री आम्ही ११४३ व्या शब्दावर होतो. शब्द होता तकरार. उर्दूत पुन्हा पुन्हा म्हणणं, किंवा भांडण. मराठीत तक्रार. त्याआधी शब्द असे एकामागून एक सुचत गेले की तासभर काही सेव्ह केलं नव्हतं. मराठी बाजूचं लिनक्समध्ये आपोआप जपलं जात होतं, पण इनपेजमध्ये आम्ही आपांच्या अर्थाच्या रकान्यात फोनवर त्यांनी सांगितलेल्या साठेक दुरुस्त्या घातल्या होत्या. पडदा काळा झाला. हात सवयीनं बटणाकडं गेला, तो दुसऱ्या हातानं धरला. कंट्रोल, ऑल्ट, एफ टू. पांढरी अक्षरं आली.

पोरगा फोनवर सांगत गेला, आम्ही लिहीत गेलो. आधी '.ओल्ड' वही. दोन ई दिसले, एक्स सर्व्हर स्वतःहून थांबल्याची ओळ दिसली. मग कर्नलच्या नोंदी, तिथं ग्राफिक्स चिप अडकून पडल्याची ओळ. आम्ही फोटो काढून पाठवले. मग तो म्हणाला, 'अब लिखो एक्सएल लिस्ट.'

दोन ओळी आल्या. पहिली 'डोमेन झिरो'. दुसरीत आमच्या विंडोजचं नाव. शेवटच्या रकान्यात काही सेकंदांचा आकडा.

'फिर से लिखो.'

परत लिहिलं. दुसऱ्या ओळीतला आकडा वाढला होता.

'जिंदा है आपा. मेहमान जिंदा है.'

आम्हांला कळेना. त्यानं सांगितलं की झेन सर्वांत खाली बसतं. त्याच्यावर लिनक्स एका कप्प्यात आणि विंडोज दुसऱ्या कप्प्यात. 'जिसे आप मालिक समझ रहे ना, वो भी किरायेदारीच है. थोडा लाडका किरायेदार, बस.' खिडकी म्हणजे विंडोज नव्हे. ती फक्त विंडोजकडं बघायची खिडकी. पडदा पडतो तेव्हा खिडकी फुटते. आत जो बसलाय तो बसलेलाच असतो.

म्हणजे गेले आठ दिवस रोज, तो आत जिवंत, हातातलं काम धरून बसलेला असताना, आम्ही बटण दाबून त्याला मारत होतो. आणि सकाळी तो कुरकुरतो म्हणून त्यालाच नावं ठेवत होतो.

पोरानं पडद्याचा कारभार पुन्हा उभा करायची एक ओळ सांगितली. लॉगिन झालं. खिडकी पुन्हा उघडली. इनपेज होतं तसं, तकरारवर, कर्सर लुकलुकत. साठच्या साठ दुरुस्त्या जागेवर. आम्ही आधी सेव्ह केलं, मग पाणी प्यालो.

आता मूळ दोष. फोनवरचा आवाज म्हणाला, 'ऊपरवाले का लॉग देखे, नीचेवाले का कहां देखे? एक्सएल डीमेसेज लिखो.' ही झेनची स्वतःची नोंद. त्यात एकच तक्रार खाली खाली लिहिलेली होती. (या एका ठिकाणी उर्दू तकरार आणि मराठी तक्रार दोन्ही अर्थ बरोबर बसतात.) ००:०२.० या क्रमांकाच्या यंत्रानं मेमरीतला एक पत्ता मागितला, पत्ता नाकारला. इंटेलच्या अशा लॅपटॉपात या क्रमांकावर ग्राफिक्स चिप बसते.

आम्हांला समजलं ते आमच्या भाषेत सांगतो. लिनक्सला वाटतं, मेमरीचं शंभरावं पान म्हणजे यंत्राचं शंभरावं पान. एकटा असताना ते खरं असतं. झेन खाली आलं की लिनक्सच्या शंभराव्या पानाची खरी जागा भलतीच असते, कारण पानं अनेकांत वाटलेली असतात. त्यासाठी एक तक्ता ठेवलेला असतो, या नंबरचा तिकडं अर्थ काय. चित्र काढणारी चिप मात्र मेमरीतून स्वतः उचलून घेते, कुणाला विचारत नाही. म्हणून तिच्या वाटेवर आयओएमएमयू नावाचा एक दुभाषा बसवलेला असतो. तो पत्ता तपासतो, उलथून देतो, आणि ज्या पत्त्याचा अर्थ त्याच्या तक्त्यात नाही तो नाकारतो. आमच्या त्या जुन्या चिपचं आणि दुभाष्याचं कुठंतरी बिनसत होतं. नकार आला की चिप अडकायची, चिप अडकली की पडदा पडायचा. आकडा तोच, दोन घरांत अर्थ दोन. आम्ही नि बडी आपा गेली कित्येक वर्षं ज्याच्याशी झगडत होतो तेच हे, आमच्याच मांडीवर.

उपाय एका ओळीचा निघाला. झेन सुरू होताना त्याला जी सूचना मिळते तिच्यात जोडायचं, 'आयओएमएमयू इक्वल टू नो-आयजीएफएक्स'. म्हणजे या ग्राफिक्स चिपपुरतं दुभाष्यानं मधे पडू नये. मेनूची फाईल नव्यानं बनवली, लॅपटॉप नीट बंद करून चालू केला. त्या रात्री फजरपर्यंत चालला. पुढचे तीन आठवडेही तो पडदा तसा पडला नाही.

तरी आमच्या मनात एक खडा राहिला. पहारेकऱ्याला एका माणसापुरतं डोळे मीट म्हणणं हा काही न्याय नव्हे. घरच्या लॅपटॉपवर एक शिक्षिका शब्द भरत बसली आहे तोवर ठीक, बँकेच्या सर्व्हरवर हे करू नये. आणि गंमत अशी की झेनच्या कागदपत्रांतही हेच लिहिलंय. हा शब्द जोडून काही दुरुस्त झालं, तर तो उपाय समजून गप्प बसू नका, दोष म्हणून आम्हांला कळवा. पोरगा म्हणाला, 'आप ही लिखो आपा, आप के पास तो पूरी वही है.' खरंच होती. तारखा, किती मिनिटांत पडलं, काय बदललं, काय झालं. आम्ही इंग्रजीत चार वेळा लिहून खोडलं. इंग्रजी हे आमचं तिसरं की चौथं घर, तिथं आम्ही चपला दारात काढूनच जातो. शेवटी फक्त तक्ता आणि नोंदीच्या ओळी पाठवल्या, दोन वाक्यांत दुखणं सांगितलं. दोन ओळींचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि चिपचा नेमका प्रकार विचारला होता. तो शोधायला आणखी एक संध्याकाळ गेली.

एक दुखणं अजून आहे. झेन असताना झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो तो नीट उठत नाही. ते आम्ही अजून वहीत घेतलेलं नाही, एका वेळी एकच. तोवर रात्री काम अर्धं टाकून उठायचं झालं तर झाकण उघडंच ठेवतो आणि उजेडानं मुलगा जागा होऊ नये म्हणून वर जुनी ओढणी टाकतो.

चौथा रकाना जानेवारीत भरून झाला. मोठ्या टाईपात छापून बडी आपांकडं नेला. त्यांनी चष्म्यावर भिंग धरून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर थांबल्या. म्हणाल्या, 'ये खलबत में तुम ने गुप्त मसलत लिखा, ठीक लिखा. लेकिन खल-बत्तेवाला खलबत्ता भी डालो. बच्चे उस में भी फंसते.' मग उशीखालून एक कागद काढला. ऑपरेशननंतर आठवलेले सदतीस शब्द, थरथरत्या हातानं, उर्दूत. चौथा रकाना कोरा.